उत्तरेची पट्टी

आमची इमारत आणि कंपाउंडची भिंत, यांच्यामध्ये
साडेचार फूट रुंद, एकोणीस पावलं लांब
अशी एक पट्टी आहे.
कर्वेनगरात सगळीकडे ऊन पडतं, तिथे पडत नाही.
लॉन लावून पाहिलं, पिवळं पडून मेलं.
ऑफिस टाइम लावला; तो दहा वाजायची वाट बघत
बसून राहिला, एकदाही कामावर आला नाही.
मग तिथे फुटकं बेसिन आलं, कुणाची सायकल,
आणि मांजरं.

खडकीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काडतुसं मोजली.
नंतर मोजायला काही उरलं नाही म्हणून असेल,
त्या पट्टीकडे बघत बसायची सवय लागली.

मुठा खोऱ्यात पुतण्याच्या साहेबांचा बंगला चालला होता.
उतारावर जेसीबी. हिरड्याखालची काळी माती
टेम्पोत भरून कुठे तरी भरावाला जायची.
तिच्यात बोटाएवढे कंद.
ड्रायव्हर म्हणाला, "रानहळद. घ्या की,
नाही तर रस्त्याखालीच जाणार."
दोन गोणपाटं भरली, बसमध्ये पायाशी धरली.
शेजारचा माणूस कापराचा वास कुठून येतोय
म्हणून वारज्यापर्यंत इकडेतिकडे बघत होता.

लावण्यात विशेष काही नाही.
विटांचे तुकडे वेचले, कुजलेला पालापाचोळा मिसळला,
वीतभर अंतर, डोळा वर.
आणि मग हात काढून घेतला.
हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

पहिल्या वर्षी अकरा पानं.
दुसऱ्या वर्षी मोजता आली, पण वेळ लागला.
तिसऱ्या वर्षी श्रावणात जमीनच दिसेना:
सुरळ्या उलगडून रुंद झालेली पानं,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी,
आणि मधून तुरे, शेंड्याला गुलाबी-जांभळे,
खाली हिरव्या वाट्या, वाटीत पाणी,
पाण्याच्या काठाशी पिवळं फूल,
तोंड उघडं, काही तरी विचारायला आल्यासारखं.
बेसिनही दिसेनासं झालं. मांजरं आत शिरली
की फक्त पानं हलायची.

ऑक्टोबरात सगळं पिवळं. दिवाळीच्या आधी आडवं.
मग सात महिने माती.

फेब्रुवारीत सूचनाफलकावर कागद लागला:
उत्तर बाजूस पेव्हर ब्लॉक, दुचाकींसाठी.
सभेत निजसुऱ्यांनी विचारलं,
"आत्ता तिथे काही आहे का?"
आहे, म्हटलं.
"दिसत नाही."
"साठा दिसायचा नसतो," मी म्हणालो, आणि हशा झाला,
मी विनोद केला नव्हता.
आलेखाचा कागद उलगडला. एक ठिपका म्हणजे एक नग.
तीनशे बेचाळीस.
"कधी मोजलेत?"
"ऑगस्टात."
कागद हातोहात फिरला, चहाचा एक डाग घेऊन परत आला.
मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गणपूर्ती नाही.
सभा तहकूब; नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने
त्याच जागी पुन्हा भरली, तोवर निजसुरे
जावयाला आणायला विमानतळावर गेले होते.
विषय पुढच्या सभेत.

आता एप्रिल. माती दगडासारखी.
एकदा उकरून पाहिलं, कबूल करतो.
हाताला गार लागला. नखाने जरासं खरवडलं,
आत पिवळा होता.
परत पुरला, डोळा वर.

पाटी लावायची नाही असं ठरवलंय.
पाटी लावली की लोक पाटी वाचतात.

पण सकाळी गॅलरीतून बघतो तर छबूताई झाडत येतात,
गेटपासून, खराट्याचा एकच लांब फरकाटा,
पाण्याच्या टाकीपाशी वळतात,
पट्टीच्या कडेशी खराटा उचलतात,
एकोणीस पावलं तसाच खांद्यावर ठेवून चालतात,
आणि पलीकडे पुन्हा टेकवतात.

मी त्यांना कधी काही सांगितलेलं नाही.